शेवटच्या कडव्यातला वामन

नाशिकहून संभाजीनगरकडे निघालेला रस्ता चांदोरी, निफाड, विंचूर करत येवल्याला पोहोचतो. या रस्त्याच्या एका टोकाला काळाराम मंदिर आहे. तिथे २ मार्च १९३० रोजी मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि पुढची पाच वर्षं धुमसत राहिला. दुसऱ्या टोकाला येवला. तिथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं. दोन्ही घटना इतिहासाच्या पुस्तकात आहेत. मधल्या गावांपर्यंत त्या पोहोचल्या कशा, हे मात्र पुस्तकात फारसं येत नाही. ज्या दलित वस्त्यांसाठी ही लढाई चालली होती, तिथे वर्तमानपत्र वाचू शकणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. बातमी आणि विचार तिथे गेला तो ढोलकीच्या तालावर, गाण्यातून.

या गाण्यांची पुढे मोठी परंपरा झाली आणि तिचा सगळ्यात लोकप्रिय गीतकार-गायक निफाडच्या शेजारच्या सिन्नर तालुक्यातून आला. वामन तबाजी कर्डक त्याचं नाव. महाराष्ट्र त्यांना वामनदादा म्हणून ओळखतो.

लोकप्रिय, म्हणजेच पॉप, गायक म्हटलं की आज डोळ्यांपुढे येतात ती रील्स, यूट्यूबवरचे कोट्यवधी व्ह्यूज आणि स्टेजवरचे रंगीत दिवे. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडच्या ‘गुलाबी साडी’ने २०२४ मध्ये असाच धुमाकूळ घातला. स्वतः लिहिणारा आणि स्वतःच गाणारा हा तरुण. वामनदादांनीही हेच केलं, आणि ते सहा दशकं केलं. पाठीशी कंपनी नव्हती, मॅनेजर नव्हता, उमेदीच्या काळात तर कॅसेटही नव्हती. स्वतः लिहायचं, चाल लावायची, पेटी-ढोलकीवाले जमवायचे आणि गावोगाव जाऊन गायचं. त्यांच्या गाण्यांचा सांगितला जाणारा आकडा दहा हजारांच्या घरातला आहे. एवढी गाणी कुणी मोजून ठेवली असतील असं नाही, पण चार-पाच हजार धरली तरी माणूस थक्क होतो.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, देशवंडी गावातला. सिन्नर आणि निफाड हे शेजारी तालुके, पण जमिनीचं नशीब वेगळं. निफाडला गोदावरी-कादवाचं पाणी, नांदूर मधमेश्वरचा बंधारा, ऊस, कांदा आणि नंतर द्राक्षं. सिन्नर हा बराचसा पावसाच्या भरवशावर जगणारा, विड्या वळून घर चालवणारा तालुका. तबाजी आणि सईबाई यांच्या घरातला हा मुलगा शाळेत गेलाच नाही. वडील लवकर गेले. मग आईबरोबर मुंबई गाठण्यावाचून इलाज उरला नाही.

देशवंडीच्या कर्डकांआधी निफाड तालुक्यातल्या एका कर्डकांचं नाव घ्यायला हवं, कारण दोघांमध्ये नेहमी गोंधळ होतो. भीमराव कर्डक कसबे सुकेण्याचे. १९३० च्या दशकात त्यांनी आपल्या सोबत्यांसह आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाचा बाज लोकांच्या ओळखीचा होता आणि महात्मा फुल्यांच्या चळवळीतून आलेल्या सत्यशोधकी जलशांनी तो प्रचारासाठी वापरूनही दाखवला होता. कर्डकांच्या जलशाने त्यात नवा ऐवज भरला. देवाच्या नमनाची जागा चळवळीच्या गीताने घेतली. वगात राजा-राणीऐवजी सावकार, भटजी, शिकायला निघालेला पोरगा आणि त्याला अडवणारं गाव आलं. शाळेत का जायचं, मेलेली जनावरं ओढणं का सोडायचं, सभेला का यायचं, हे हसवत-रडवत सांगितलं जायचं. आपल्या दहा सभांच्या तोडीचा कर्डकांचा एक जलसा, असं खुद्द बाबासाहेब म्हणाल्याचं चळवळीत आजही सांगितलं जातं. भीमरावांनी पुढे ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहून या साऱ्याची नोंद केली. जलशाचा इतिहास त्यात उतरवणारा माणूस स्वतः जलसाकार होता, म्हणून ते पुस्तक मोलाचं आहे.

वामनदादा मुंबईत मोठे होत होते ते जलशांच्या याच दिवसांत. शिवडीच्या बीडीडी चाळीतला मुक्काम. गिरणीत काम केलं, कोळशाच्या वखारीत केलं, शेंगदाणे विकले, बर्फाच्या कांड्याही विकल्या. समता सैनिक दलात ते सामील झाले. डोक्यात सिनेमाचंही वेड होतं.

याच चाळीत घडलेला एक प्रसंग त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितला जातो. गावाकडून आलेलं एक पत्र कुणीतरी या धडधाकट तरुणापुढे धरलं आणि म्हटलं, एवढं वाचून दाखव. वामनला अक्षर ओळखता येत नव्हतं. ‘मला येत नाही’ हे सांगताना त्याला रडू कोसळलं. मग चाळीतल्या देहलवी मास्तरांनी त्याला मुळाक्षरं गिरवायला दिली. बाराखडी झाली, जोडाक्षरं झाली आणि उरलेला सराव मुंबईच्या रस्त्यांनी करून घेतला. दुकानांच्या पाट्या, गिरण्यांची नावं, सिनेमाची पोस्टरं, जे दिसेल ते वाचत सुटायचं. ऐन तारुण्यात साक्षर झालेल्या या माणसाने ३ मे १९४३ रोजी पहिलं गाणं लिहिलं. ते होतं एका हिंदी गाण्याचं विडंबन. लोक हसले, टाळ्या पडल्या आणि आपल्याला हे जमतं, हे वामनच्या लक्षात आलं. त्याच वर्षी नायगावला त्यांनी बाबासाहेबांना पहिल्यांदा पाहिलं. विनोदापुरती उचललेली लेखणी तिथून चळवळीची झाली.

विडंबनापासून झालेली ही सुरुवात नीट पाहण्यासारखी आहे, कारण वामनदादांच्या कारागिरीचं मर्म तिच्यात आहे.

नवं गाणं लोकांच्या तोंडी बसायचं तर चाल आधीच त्यांच्या कानात असलेली बरी. म्हणून गाजलेल्या सिनेगीताची, लावणीची, भजनाची किंवा कव्वालीची चाल उचलायची आणि तिच्यावर नवे शब्द चढवायचे. या परंपरेतल्या पातळ कागदावरच्या गीतपुस्तिका पाहिल्या तर गाण्याच्या डोक्यावर ‘चाल :’ असं छापून पुढे मूळ गाण्याचं नाव दिलेलं आढळतं. स्वरलिपीची गरजच नाही. पुस्तिका विकत घेणारा मजूर ती ओळ वाचतो आणि घरी पोहोचायच्या आत गाणं गुणगुणायला लागतो. दोन ओळींचं ध्रुपद, मग तीन-चार कडवी. प्रत्येक कडव्याचा शेवट असा बांधलेला की कोरसने ध्रुपद सहज उचलावं. यमक घट्ट असतं आणि बोली रोजचीच. शब्द एकदा ऐकूनच कळला पाहिजे, कारण मैदानात ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही.

चाल उसनी घेण्यात काही कमीपणा नाही. अमेरिकेत वुडी गथ्री या कष्टकऱ्यांच्या गायकाने हेच केलं. त्याचं १९४० सालचं सगळ्यात प्रसिद्ध गाणं कार्टर फॅमिलीच्या आधीच्या एका चालीवर बेतलेलं आहे. आपल्याकडे तर कीर्तनकार आणि शाहीर शतकानुशतकं असंच करत आले. वामनदादांनी स्वतःच्या चालीही पुष्कळ बांधल्या, आणि पुढे त्यांच्याच चालींवर इतरांनी गाणी रचली.

आता राहिला मजकूर. वामनदादा म्हणजे केवळ भीमगीतं, असा एक समज आहे आणि तो अपुरा आहे. बाबासाहेब आणि बुद्ध हे त्यांचे मुख्य विषय खरेच, पण दारू, हुंडा, शिक्षण, बाईचे कष्ट, मजुरी, महागाई हे सगळं त्यांच्या गाण्यात येतं. एका गाण्यात ते टाटा, बिर्ला आणि बाटा या नावांचं यमक साधत देशाच्या संपत्तीतला आमचा वाटा कुठे आहे, असं विचारतात. अर्थशास्त्राचा हा प्रश्न त्यांनी मुलांनासुद्धा म्हणता येईल अशा ठेक्यात बसवला आणि तो मोर्चांमधून वर्षानुवर्षं घुमत राहिला.

त्याहून धाडसी आहे ते स्वतःच्या माणसांना फटकारणारं गाणं. भीमाच्या मताची निदान पाच माणसं खरीखुरी निघाली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं, असा त्याचा आशय. रिपब्लिकन पक्षाचे गट-तट पडत असताना, त्याच पक्षाच्या कार्यकर्त्यांनी भरवलेल्या सभेत, त्याच पुढाऱ्यांना समोर बसवून हे गायचं म्हणजे छातीच हवी. भक्तिगीत आणि कानउघाडणी एकाच दमात करणारे कवी थोडे असतात. वामनदादा त्यांतले होते.

सगळंच लेखन एका तोलाचं नाही, हेही म्हटलं पाहिजे. मागणी आली की गाणं, जयंती आली की गाणं, अशा रेट्यात पुनरुक्ती होतेच. काही गाणी त्या-त्या प्रसंगाबरोबर संपली. पण दोन-अडीचशे गाणी अशी आहेत की ज्यांना बाजूला ठेवून विसाव्या शतकातल्या मराठी गीतरचनेचा विचार करणं खोटेपणाचं होईल.

सिनेमाने त्यांना ओझरता हात दिला. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये तब्बल १३१ आठवडे चालला. संगीत वसंत पवारांचं. या चित्रपटाचं नाव निघालं की लोकांना गदिमांची आणि आशा भोसल्यांची ‘बुगडी’ आठवते. पण त्यातलं गुलछडीचं खट्याळ गाणं वामनदादांचं आहे. ‘पंचारती’ चित्रपटासाठीही त्यांनी लिहिलं. लावणीचा, शृंगाराचा नखरा त्यांना सहज साधायचा, हे यावरून कळतं. ते तिथेच थांबले असते तर कदाचित दोन पैसे गाठीला बांधून निवृत्त झाले असते.

त्यांनी दुसरा रस्ता धरला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. हे सात-आठ आठवडे एका समाजाला जुनं सगळं सोडायला लावून नव्या वाटेवर उभं करून गेले. देव गेले, जत्रा गेल्या, घरातली जुनी गाणीही गेली. लग्नात काय म्हणायचं, बारशाला काय म्हणायचं, मयताच्या घरी काय म्हणायचं? ती पोकळी वामनदादांसारख्या गीतकारांनी भरून काढली. त्यांची कामगिरी मोजायची असेल तर ती इथे मोजावी. धर्मांतर कायद्याने आणि विधीने एका दिवसात झालं, ते रोजच्या जगण्यात रुजायला पाळणा, ओवी, लग्नगीत लागतं. ते त्यांनी पुरवलं.

मग सुरू झाली अखंड भटकंती. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, दीक्षेचा दिवस, चैत्यभूमीवरचा ६ डिसेंबर. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, मुंबई. मुक्काम कार्यकर्त्याच्या घरी, जेवण त्याच्याच चुलीवरचं आणि बिदागी जमेल तेवढी. एसटी चुकली तर स्टँडवर रात्र काढायची. घरचं सुख फार लाभलं नाही. पहिला संसार टिकला नाही आणि मुलगी लहानपणीच गेली. पुढे शांताबाईंची साथ मिळाली. पण जिथे गेले तिथे त्यांना ‘दादा’ म्हणणारं घर होतं, आणि त्यांच्या गाण्यावर गळा तयार केलेला एखादा पोरगा दर मुक्कामी भेटायचा.

कॅसेटचं युग आलं आणि खेळाचे नियम बदलले. प्रल्हाद शिंदे यांच्यासारखा पहाडी आवाज, मग आनंद शिंदे आणि शिंदे घराण्याची पुढची पिढी. यांनी भीमगीतं रिक्षा, टपरी आणि लाउडस्पीकरपर्यंत नेली. गाण्याला लाखो कान मिळाले. मात्र या सगळ्यात गायकाचं नाव मोठं झालं आणि गीतकाराचं कव्हरच्या कोपऱ्यात गेलं. पुष्कळदा तेही नसायचं. लासलगावच्या किंवा निफाडच्या मिरवणुकीत आज डीजेवर जी गाणी वाजतात त्यांवर बेभान नाचणाऱ्या पोरांना विचारा. गायक कोण, ते पटकन सांगतील. लिहिलं कुणी, म्हटलं की एकमेकांकडे बघतील.

वामनदादांनी याची तजवीज जुन्या संतकवींकडून उचलली होती. अभंगाच्या शेवटी जसा ‘तुका म्हणे’ येतो, तसा त्यांच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो. तो उगाच चिकटवलेला नसतो. कधी तो स्वतःलाच बोल लावतो, कधी श्रोत्याला हाक मारतो, कधी यमकात असा बसतो की काढला तर कडवंच कोसळावं. कागदाचा पुरावा नसलेल्या जगात कवीने आपल्या मालावर मारलेला हा शिक्का आहे. गाणं तोंडोतोंडी कितीही लांब गेलं तरी शेवटपर्यंत म्हटलं की बापाचं नाव सांगतं. शिक्का पुसला जातो तो एकाच वेळी, गाणं अर्ध्यावर तोडलं की. वेळ कमी म्हणून, रीमिक्सला ठेका पुरे म्हणून किंवा तीस सेकंदांच्या रीलसाठी ध्रुपदच हवं म्हणून कात्री लागते, आणि ती नेमकी शेवटच्या कडव्याला लागते.

साहित्याच्या दरबारातही त्यांना बराच काळ ओसरीवर बसावं लागलं. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला आणि मराठी कवितेची भाषा हादरली. त्याच्या पुढच्याच वर्षी वामनदादांचा ‘वाटचाल’ हा संग्रह निघाला. ‘मोहळ’ १९७६ चा, ‘हे गीत वामनाचे’ १९७७ चं. समीक्षकांनी पहिल्या घटनेवर पानंच्या पानं लिहिली, ते योग्यच होतं. दुसरीकडे मात्र ‘गाणी’ म्हणून पाहिलं गेलं. मुक्तछंद म्हणजे गंभीर आणि यमक म्हणजे प्रचार, ही त्या काळची सवय. वस्तीत मात्र उलटा हिशेब होता. ढसाळ वाचलेली माणसं तिथे थोडी असतील, वामनदादा पाठ असलेली घरोघरी होती. नंतर सरकारचा दलितमित्र पुरस्कार आला आणि १९९३ साली वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन त्यांनी लिहिलं. एकेकाळी पत्र वाचता न आल्याने रडलेल्या माणसाचं हे पुस्तक आहे, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवून ते हाती घ्यावं.

१५ मे २००४ रोजी वामनदादा गेले. प्रल्हाद शिंदेही त्याच वर्षी गेले. वर्षभरातच या गाण्यांचा एक मोठा गीतकार आणि एक मोठा आवाज हरपला. बॉब डिलन या अमेरिकन गीतकार-गायकाला २०१६ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा गाणं हे साहित्य असतं का, यावर जगभर वाद रंगला. त्या वादात मराठीच्या बाजूने उभं करायला आपल्याकडे भक्कम साक्षीदार होता, पण आपण त्याचं नाव घेतलं नाही.

आता थोडं व्यवहाराचं. भारताच्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क राहतो. म्हणजे वामनदादांचे शब्द २०६४ सालच्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराचा मानधनातला वाटा अधिक पक्का केला. पण हा कायदा कामाला यायचा तर गाणं कुणाचं हे आधी नोंदलेलं हवं. यूट्यूबवर ‘पारंपरिक’ किंवा ‘जुने भीमगीत’ एवढ्याच शीर्षकाखाली गाणं चढलं की कवी अनाम होतो आणि वाटा मागणार कोण, हा प्रश्नच मिटतो. पुस्तिका छापणारे छोटे छापखाने बंद पडले, त्या पातळ पानांचे तुकडे पडत चालले. ज्यांनी वामनदादांच्या मागे बसून कोरस धरला ती पिढी सत्तरी-ऐंशीत आहे. गाण्यांच्या वह्या त्यांच्या पत्र्याच्या पेट्यांत आहेत.

निफाड, कसबे सुकेणे, लासलगाव, विंचूर, येवला आणि सिन्नर इथल्या जयंती मंडळांना हे काम सहज करता येण्यासारखं आहे. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडच्या वह्या-पुस्तिकांचे मोबाइलवर फोटो काढा. त्यांच्या तोंडून गाणी चालीसकट रेकॉर्ड करून गावाच्या वाचनालयात ठेवा. येत्या १४ एप्रिलच्या फ्लेक्सवर पुढाऱ्यांच्या फोटोंत एक ओळ गीतकारांच्या नावांना द्या. आणि डीजेवाल्याला सुपारी देताना एक अट घाला : गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत वाजलं पाहिजे.